अक्षराला किती

दुपारी दीडला, कन्ना चौकातल्या माझ्या दुकानात
पंखा नुसती गरम हवा ढवळत असताना
रेणुका गज्जम आल्या, ओला पदर डोक्यावर,
आणि काउंटरवर एक कागद ठेवला.
शुक्रवारपर्यंत आठशे नव्व्याण्णव भरा,
नाहीतर नाव सुटेल.

"विकलं तर किती येवालाय, बघ की."

बघितलं.
चद्दरगाव डॉट कॉम.
इंग्रजीत अकरा अक्षरं, मध्ये आडवी रेघ नाही, हे बरं.
शेवटी कॉम, हे फारच बरं.
वय सोळा वर्षं. नावांच्या बाजारात
म्हाताऱ्याला भाव असतो,
तेवढ्या एकाच बाजारात.
पण चद्दरमध्ये डी दोन.
लोक एकच टाकतात, किंवा थेट चादर शोधतात.
आणि गावाच्या शेवटी व्ही लिहायचा की एन,
यावर या शहरात दोन पाट्यांचं एकमत नाही.
यांच्या घरात तर ती दुप्पटी,
पलीकडच्या बोळात कानडीत तिला आणखी काही.
हे मशीनला सांगायला रकाना नव्हता.

पहिलं मशीन म्हणालं, दोनशे चौदा डॉलर.
दुसरं, एकोणीसशे.
तिसऱ्याने शून्य दाखवलं
आणि खाली बेडशीटची जाहिरात, पानिपतची.

"डॉलर राहू दे," त्या म्हणाल्या,
"अक्षराला किती, ते सांग."

मोगलय्या गज्जम दाजी पेठेत जेकॉर्डचे पुठ्ठे ठोकायचे.
हवं तिथे भोक, नको तिथे कोरं,
की मागावर शाळेचं नाव उमटायचं, पतपेढीचं,
रुखवतात मांडायच्या चादरीवर नवरा-नवरीचं.
दर ठरलेला. अक्षराला बारा रुपये,
काना-मात्रा त्यातच,
जोडाक्षराला दीडपट.
श्री फुकट.
उलटा पुठ्ठा लागून एकदा अख्खी पतपेढी
आरशात वाचावी अशी विणली गेली होती.
ती थप्पी अजून घरात अंथरायला आहे.

मग पुठ्ठ्यांशिवाय चालणारे माग आले.
यांचे चार किलोवर गेले, लोखंड तेव्हा चढं होतं.
त्या पैशातून, की त्याच्या आधीच,
रेणुकाबाईंना नीट आठवत नाही,
मोगलय्यांनी हे नाव घेतलं.
कुणीतरी म्हणालं होतं, पुढचं गाव तिकडं वसणार,
आधी प्लॉट धरून ठेव.

"अकरा अक्षरं," त्यांनी बोटांवर मोजली,
"दोन डी चिकटून, म्हणजे जोडाक्षर झालं.
त्याचं दीडपट धर.
डॉट कॉम सोडून दे, श्रीसारखं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांच्या जुन्या मेलपेटीत शोधताना
आठ वर्षांपूर्वीचं एक पत्र सापडलं.
हैदराबादचा कुणी, साठ हजार देतो म्हणत होता.
खाली मोगलय्यांचं उत्तर, एका ओळीचं:
दहा दिवसांनी सांगतो.
पुढे काही नाही.
मी स्क्रीन वळवून दाखवली.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या.
"गिऱ्हाईक आलं की हेच. चादर कधी? दहा दिवस.
पोरीच्या लग्नाची बोलणी, दहा दिवस.
दवाखान्यात मलाही तेच म्हणाले."

मग कनवटीची पिशवी सोडून
शंभराच्या नऊ नोटा मोजल्या,
दोनदा, तेलुगूत.
"एकच वर्ष भर. सध्या अक्षर उतरलंय."
त्या पायऱ्या उतरून उन्हात गेल्या.

पैसे भरून झाल्यावर
सहज एका डीचं नाव टाकून बघितलं.
मोकळं होतं.
कुणाला नको म्हणून मोकळं,
की कुणाच्या लक्षातच आलं नाही म्हणून,
याचा भाव काढणारं मशीन अजून निघायचंय.
पावती फाडली.
उरलेला एक रुपया त्यांच्या नावाने
गल्ल्यात वेगळा ठेवला.